गोळ्यांनी डोकं मंद झालंय, बंद करू का?

प्रश्न : मी ३८ वर्षांचा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. तीन वर्षांपूर्वी मला उन्मादाचा मोठा झटका आला, तीन आठवडे दवाखान्यात होतो. बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य आणणारा आजार) असं निदान झालं. तेव्हापासून लिथियम दिवसाला १२०० मिलिग्रॅम, रिस्पेरिडोन ३, ट्रायहेक्सीफेनिडिल २ ची गोळी दोनदा आणि रात्री क्लोनाझेपाम ०.५ चालू आहे. पुन्हा झटका आलेला नाही. पण डोकं चालत नाही. पूर्वी चाळीस पोत्यांची पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब), हमाली-तोलाई वजा जाता, तोंडी सांगायचो. आता कॅल्क्युलेटरवर दोनदा करावी लागते. वर्षानुवर्षं येणाऱ्या शेतकऱ्याचं नाव ओठावर असतं पण येत नाही; तो पायऱ्या उतरला की आठवतं. बायको म्हणते, तुम्ही बोलतच नाही. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "तब्येत चांगली आहे ना, मग?" लिथियमची रक्ततपासणी दीड वर्षापूर्वी झाली, १.०५ आली, नॉर्मल आहे म्हणाले. कंबर धरते त्यासाठी मेडिकलमधून गोळी घेतो, बाकी काही नाही. मेंदू कायमचा खराब होतोय का? गोळ्या बंद करू का?

उत्तर :

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हा प्रश्न विचारेपर्यंत बरीच माणसं गोळ्या बंद करूनच बसलेली असतात. स्वतःहून बंद करू नका. लिथियम तर नाहीच नाही. लिथियम एकदम सोडलं की पुढच्या काही महिन्यांत आजार उलटण्याचा, त्यातही उन्मादाचा, धोका पुष्कळ वाढतो आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. तेच औषध हळूहळू कमी करत नेलं तर धोका कमी राहतो. २०१९ च्या महापुरात माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली आणि गोळ्यांचा डबा घरात राहिला. पुढच्या काही आठवड्यांत माझ्याकडे जे रुग्ण आले, त्यात वर्षानुवर्षं एकही झटका न आलेलेही होते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. तुमची तक्रार खरी आहे. तो तुमच्या मनाचा खेळ नाही आणि कामचुकारपणाही नाही. झटका येत नाही एवढ्यावर उपचार संपत नाहीत. तुमचं पोट हिशोबावर आहे. हिशोब जमत नसेल तर उपचार अर्धवट आहेत. "तब्येत चांगली आहे ना, मग?" या उत्तरावर थांबू नका. तिथे खुर्ची सोडायची नाही.

हे मी इतकं ठासून सांगतोय, कारण एकेकाळी हेच उत्तर मीही दिलं आहे. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. मिरजेचा एक तंतुवाद्य कारागीर माझ्याकडे यायचा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). लिथियमवर दोन वर्षं स्थिर होता. एक दिवस म्हणाला, "डॉक्टर, जवारी खुलत नाही." मला कळलं नाही, तेव्हा त्याने समजावलं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसेने अगदी किंचित घासायचा, तार छेडायची, तारेखाली दोरा सरकवायचा, परत छेडायची. आवाज कुठे बंद वाटतो ते कान सांगतो, आणि नेमकं तिथेच हात गेला पाहिजे. "कान सांगतो, पण हात तिथं पोचेपर्यंत काय सांगितलं तेच निसटतं. आणि पोचला तरी कानस थरथरते." मी त्याला म्हणालो, दोन वर्षं दवाखाना बघावा लागला नाही, हे काय कमी आहे? तो मान हलवून गेला. गोळ्या त्याने त्याच आठवड्यात सोडल्या, मला न सांगता. दीड महिन्याने त्याचा भाऊ आला. पंढरपूरकडून तंबोऱ्याच्या भोपळ्यांचा एक टेम्पो उतरला होता, मग दुसरा, मग तिसरा. पैसे कर्जाचे होते आणि माणूस पाच रात्री झोपलेला नव्हता. त्याच्या घरातली दोन वर्षांची शांतता गेली ती माझ्या त्या एका वाक्याने. नंतर आम्ही लिथियम पुन्हा सुरू केलं, पण रक्तातली पातळी ०.६५ च्या आसपास ठेवली आणि पूर्ण डोस रात्री एकदाच दिला. चार-एक महिन्यांनी तो म्हणाला, जवारी जमतेय.

म्हणजे तेच औषध, तोच माणूस, तोच आजार. बदलली फक्त रक्तातली पातळी आणि डोसची वेळ. तुमच्या बाबतीतही मला पहिली शंका तिथेच येते.

लिथियम उन्मादावर चालतं हे ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली दाखवलं आणि डेन्मार्कच्या मोगेन्स स्काऊ यांनी पुढे आयुष्यभर त्याचा अभ्यास केला. 'या औषधाने माणूस मंद होतो' ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि स्काऊंनी ती गांभीर्याने घेतली होती. १९७९ साली त्यांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. १२ जणांचं म्हणणं, काम वाढलं, कारण आजाराने वाया जाणारे महिने वाचले. ६ जण म्हणाले, काही फरक नाही. ६ जणांचं काम घटलं. हे सहा मला कधीच विसरता आलेले नाहीत. अभ्यास लहान आहे, टक्केवारी काढण्यासारखा नाही, पण औषध सगळ्यांना सारखं लागत नाही हे त्यात स्पष्ट दिसतं. नंतरच्या तपासण्यांतूनही साधारण हेच चित्र पुढे आलं. लिथियमने बुद्धी कमी होत नाही. विचारांचा आणि हाताचा वेग थोडा मंदावतो, नुकतंच ऐकलेलं टिकवून ठेवायला जड जातं, शब्द पटकन सुचत नाही. सरासरीने हा परिणाम लहान आहे. पण चाळीस पोत्यांची पट्टी तोंडी करणाऱ्या माणसाला तो लहान वाटत नाही, तो लगेच बोचतो. आणि काही अभ्यासांत लिथियम थांबवल्यावर स्मरण सुधारलं, पुन्हा दिल्यावर परत घसरलं. म्हणजे हा परिणाम औषध रक्तात असेपर्यंतचा आहे, औषधाने मागे ठेवलेला व्रण नव्हे.

आता तुमच्या १.०५ कडे येऊ. लॅबच्या कागदावर ०.६ ते १.२ अशी काहीतरी पट्टी छापलेली असते आणि आकडा त्यात बसला की 'नॉर्मल'. ती पट्टी सुरक्षित राहण्यासाठी आहे. उन्माद भडकलेला असताना आम्ही पातळी मुद्दाम वरच्या टोकाला नेतो. तीन आठवडे दवाखान्यात असताना १२०० मिलिग्रॅम लागलेच असतील, त्यात चूक नाही. पण झटका ओसरल्यावर, वर्षानुवर्षं फक्त आजार परतू नये म्हणून औषध द्यायचं असतं, तेव्हा अनेकांना ०.६ ते ०.८ पुरतं. वय झालेल्यांना त्याहूनही कमी. १.०५ वर मंदपणा, थरथर, तहान हे सगळं जास्त जाणवतं. तुमचा डोस आणीबाणीतला आहे आणि आणीबाणी संपून तीन वर्षं झाली आहेत.

ही तपासणी नीट झाली होती का, हाही प्रश्न आहे. लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढायचं असतं. सकाळची गोळी घेऊन कोणी लॅबमध्ये गेला तर आकडा फुगतो. आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण मी ती दोनदा प्रत्यक्ष बघितली आहे. रक्ताच्या काही नळ्यांमध्ये गोठू नये म्हणून आतूनच लिथियम हेपॅरिन लावलेलं असतं. चुकून त्या नळीत रक्त घेतलं तर माणूस ठणठणीत चालत आलेला असतो आणि कागदावर विषबाधेचा आकडा येतो. रक्त घेणाऱ्या मुलाला आधीच सांगा की तपासणी लिथियमची आहे.

बरं, १.०५ हा दीड वर्षापूर्वीचा आकडा. आज तो किती आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. त्यातून तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता, कंबरेची गोळी लिहिली आहे. "बाकी काही नाही" म्हणालात, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य मला तेच वाटतं. मेडिकलमध्ये कंबरदुखीला मिळणाऱ्या गोळीत बहुतेकदा डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा असेसिक्लोफेनॅक असतं. या जातीच्या गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि रक्तात ते साचतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हेच होतं: लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातल्या, आणि रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं तरी तेच. हळदीचा सीझन नेमका उन्हाळ्यात. यार्डात दुपारी पत्र्याखाली चाळिशीपारचं तापमान, घाम, पाणी प्यायला सवड नाही, त्यात एकादशीचा उपास आणि रात्री कंबरेसाठी गोळी. अशा आठवड्यात लिथियम कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, बाकी गोळी डॉक्टरांना विचारूनच. मीठ एकाएकी सोडू नका, पाणी पीत राहा.

आणि इथेच, वर सांगितलेल्या 'बंद करू नका'चा एकमेव अपवाद लिहून ठेवतो. हात जाडसर, ठळक थरथरायला लागले, चालताना तोल जातोय, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब लागले, गुंगी येते, तर लिथियमची पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. ती लिथियमची विषबाधा असू शकते. मेंदूवर कायमचा परिणाम लिथियमने होतो तो बहुतेकदा अशा दुर्लक्षित विषबाधेतून, रोजच्या मोजक्या डोसातून नव्हे.

आता चिठ्ठीतल्या बाकीच्या तीन गोळ्या. लोक लिथियमकडे बोट दाखवतात, कारण ते नाव मोठं आहे. माझा अनुभव असा की आठवण चोरणारी गोळी बऱ्याच वेळा चिठ्ठीच्या खालच्या ओळीवर सापडते.

ट्रायहेक्सीफेनिडिल ही छोटी पांढरी गोळी रिस्पेरिडोनसारख्या औषधाने अंग आखडू नये म्हणून जोडीला दिली जाते. मेंदूत आठवणी नोंदवायला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं आणि ही गोळी त्यालाच अडवते. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, जवळचं धूसर दिसणं हेही तिचंच काम. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न केंद्रांच्या प्रमुखांनी १९९० मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलं होतं की ही गोळी सरसकट, खबरदारी म्हणून, दीर्घकाळ देऊ नये. तरी आपल्याकडे ती दहा-दहा वर्षं चालते, कारण जुनी चिठ्ठी बघून नवी लिहिली जाते. हात थरथरतात म्हणून ती घेत असाल तर तेही नीट समजून घ्या: लिथियमची थरथर तिने जात नाही. त्याला पातळी कमी करणं किंवा प्रोप्रॅनोलॉल हे उपाय आहेत. मात्र ही गोळीही एकदम तोडायची नसते; आठवड्या-आठवड्याने कमी करतात.

क्लोनाझेपाम, म्हणजे झोपेसाठीची शांत करणारी गोळी, तिच्याबद्दल कमी शब्दांत सांगतो. ०.५ हा डोस छोटा आहे, पण तीन वर्षं रोज घेतल्यावर सकाळचा जडपणा आणि नवीन गोष्ट लक्षात न राहणं याला ती पुरेशी ठरू शकते. शरीराला तिची सवय लागलेली असणार, म्हणून अतिशय संथपणे, चतकोर-चतकोर करत उतरायचं.

राहिलं रिस्पेरिडोन. उन्माद शमवायला ते हवं होतं. पण ते किती दिवस? लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटच्या (हेही मूड स्थिर ठेवणारं औषध) जोडीला ते चालू ठेवण्याबद्दल २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधारण २४ आठवड्यांपर्यंत फायदा दिसला. त्यापुढे रिस्पेरिडोनचा जादा फायदा स्पष्ट दिसला नाही. याचा अर्थ ते सगळ्यांचं सहा महिन्यांनी बंद करावं असा नव्हे. ज्याचे झटके पाठोपाठ येतात, ज्याला भास होतात, त्याला ते लांबणीवर लागतं. पण तीन वर्षं झटका नसलेल्या माणसाच्या चिठ्ठीत ते का आहे, हा प्रश्न एकदा तरी विचारला गेला पाहिजे. ते कमी झालं तर ट्रायहेक्सीफेनिडिलचं कारणच उरत नाही.

"बायको म्हणते, तुम्ही बोलतच नाही." या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचा उपाय उलट आहे. एक, औषधाने आलेला कोरडेपणा. दुसरं, अंगात मुरलेलं सौम्य नैराश्य. बायपोलरमध्ये माणूस उन्मादापेक्षा कितीतरी जास्त काळ नैराश्यात काढतो, आणि ते दर वेळी रडवणारं नसतं. सकाळी उठायला नको वाटणं, जत्रा-लग्न टाळणं, जेवणाला चव नसणं, आणि नेमकं हेच, डोकं न चालणं. नैराश्याने लक्ष आणि स्मरण जितकं खाली येतं, तितकं अनेक गोळ्यांनीही येत नाही. अशा वेळी औषध कमी केलं तर माणूस अजून खाली जातो. म्हणून पुढच्या भेटीला वहिनींना बरोबर न्या. तुम्ही 'ठीक आहे' म्हणाल. तुम्ही शेवटचं कधी हसलात ते त्यांना आठवत असेल.

थायरॉईडही बघायचं आहे. लिथियमने थायरॉईड मंदावू शकतं आणि मंद थायरॉईडने माणूस अगदी तुम्ही लिहिलंय तसाच होतो: सुस्त, विसराळू, गप्प. टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि कॅल्शियम या तपासण्या लिथियमवर असताना साधारण दर सहा महिन्यांनी व्हायला हव्यात. शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा. आणि वजन वाढून झोपेत जोराने घोरत असाल, मधेच श्वास अडकत असेल, तर तेही सांगा. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत असेल तर दिवसा कुठलंच डोकं चालत नाही.

एक गोष्ट सांगताना मला जपून बोलावं लागतं. बायपोलर आजार स्वतःही लक्ष आणि स्मरणावर परिणाम करतो. पूर्ण बरं वाटत असलेल्या काळातही काही जणांत तो दिसतो, आणि जितके झटके जास्त तितका तो जास्त आढळतो. शिवाय उन्मादाच्या आधीचे काही महिने माणूस विलक्षण चपळ असतो. तीन तास झोप पुरते, चार माणसांचं काम एकटा करतो, आकडे तोंडावर नाचतात. नंतर तो आजच्या स्वतःची तुलना त्या महिन्यांशी करतो आणि हरतो. तुमचा चाळीस पोत्यांचा हिशोब त्याच काळातला, असं मी म्हणत नाही. दिवाणजीची ती रोजची विद्या असते. पण तुलना करताना झटक्याच्या दोन-तीन वर्षं आधीचे तुम्ही आठवा, शेवटचे सहा महिने सोडून. जुन्या वह्या, जुन्या पट्ट्या दुकानात असतीलच. तेव्हाही खाडाखोड होती का, बघा.

माझ्याकडे आलात तर मी काय करेन ते सांगतो. पाच शब्द सांगेन: हळद, पूल, चावी, मावशी, पाऊस. मग मराठी महिने फाल्गुनापासून मागे म्हणायला लावेन. शंभरातून सात-सात वजा करायला सांगेन. तुम्हाला ते सहज जमेल, म्हणून मी उत्तराकडे नव्हे, वेळेकडे बघेन. एका मिनिटात जितके प्राणी सुचतील तितके. मग परत ते पाच शब्द. चार आले आणि पाचवा अडला, तर मी इशारा देईन: "नात्यातलं कोणीतरी होतं." त्यावर पटकन 'मावशी' आली, तर शब्द आत नोंदला गेला होता, फक्त बाहेर यायला वेळ लागला. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, अनेक रुग्णांत असा इशाराही फारसा उपयोगी पडत नाही, कारण आत नोंदच झालेली नसते. तुम्ही लिहिलं आहे, शेतकरी पायऱ्या उतरला की नाव आठवतं. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात धीर देणारं हेच वाटलं. नाव हरवलेलं नाही, उशिरा येतंय.

म्हणून मेंदू कायमचा खराब होतोय का, याचं उत्तर: तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही. उलट लिथियम घेणाऱ्या रुग्णांत पुढे डिमेन्शियाचं प्रमाण कमी दिसल्याचे अनेक निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. त्यावरून लिथियम स्मृतिभ्रंश टाळतं असा दावा मी करणार नाही, पण ते मेंदू पोखरतं ही भीती तरी त्यातून टिकत नाही. झटके परत परत येणं हे मेंदूला महाग पडतं.

"मग लिथियमऐवजी दुसरं काही द्या" असं अनेक जण म्हणतात, म्हणून बाकीच्या मूड स्टॅबिलायझरबद्दल, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांबद्दल, थोडं सांगतो. लॅमोट्रिजिन डोक्याला सगळ्यात कमी जड पडतं, पण ते मुख्यतः नैराश्य परतू नये म्हणून चालतं. तुमच्यासारख्या मोठ्या उन्मादाला त्याचा आधार एकट्याने पुरत नाही. शिवाय अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असल्याने ते २५ मिलिग्रॅमपासून आठवड्यांच्या हिशोबाने चढवावं लागतं. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याच्याही निम्म्याने. व्हॅल्प्रोएटने मंदपणा सहसा सौम्य असतो, पण काहींच्या रक्तात अमोनिया वाढतो आणि माणूस गुंगतो, गोंधळतो. गंमत म्हणजे तेव्हा यकृताच्या तपासण्या चांगल्या येऊ शकतात, म्हणून अमोनिया वेगळा मागावा लागतो आणि नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला पोचवावा लागतो. कार्बामाझेपिन आणि त्याहून जास्त ऑक्सकार्बाझेपिनने सोडियम उतरतं. म्हातारं माणूस अचानक भ्रमिष्टासारखं वागायला लागलं तर आधी सोडियम बघावं. टोपिरामेट हे खरं तर उन्मादावर चालत नाही, पण वजन कमी व्हावं म्हणून कधी जोडलं जातं. शब्द न सुचण्यासाठी ते कुप्रसिद्ध आहे. चिठ्ठीत असेल तर पहिला संशय त्याच्यावर.

हे वाचणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट वेगळी लिहितो. मूल होण्याच्या वयात व्हॅल्प्रोएट शक्यतो घेऊच नये. फिट्सच्या आजारासाठी गरोदरपणात औषध घेतलेल्या मातांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सहाव्या वर्षी व्हॅल्प्रोएट गटातल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७ होता, लॅमोट्रिजिन गटातल्यांचा १०८. इथे किंमत आईच्या आठवणीची नाही, मुलाच्या बुद्धीची आहे. सध्या चालू असेल तर घाबरून तोडू नका. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून बदलून घ्या.

तुमच्याकडे परत येतो. बदल करताना माझा नियम एकच: एका वेळी एकच गोळी हलवायची. दोन हलवल्या आणि फरक पडला तर कशाने पडला ते कळत नाही. आजार डोकं वर काढायला लागला तरी कळत नाही. तुमच्या बाबतीत मी आधी कंबरेची गोळी थांबवून लिथियमची ताजी पातळी, थायरॉईड आणि मूत्रपिंड बघेन. पातळी वर असेल तर डोस थोडा कमी करून, पाच-सात दिवसांनी परत मोजून, ०.६ ते ०.७ च्या जवळ आणेन आणि जमलं तर सगळा डोस रात्री. तिथे सहा-आठ आठवडे थांबेन. मग ट्रायहेक्सीफेनिडिल, मग क्लोनाझेपाम, आणि सगळ्यात शेवटी रिस्पेरिडोनचा विचार. हळदीच्या ऐन सीझनमध्ये, जागरणं असताना, यातलं काहीच हलवणार नाही. क्रम तुमच्या डॉक्टरांना वेगळा योग्य वाटू शकतो. ते तुम्हाला तीन वर्षं बघत आहेत, मी एक पत्र वाचलं आहे. या काळात वहिनींनी एकाच गोष्टीवर नजर ठेवायची: झोप. सलग दोन रात्री चार-पाच तासांत झोप पुरायला लागली आणि तरी हुशारी वाटली, तर तिसरी रात्र बघत बसायचं नाही, फोन करायचा. रात्री-अपरात्री डॉक्टर नाही मिळाले तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

ब्रेन टॉनिकवर पैसे घालू नका. अश्वगंधा तर नकोच; काही रुग्णांत तिने उन्माद उफाळल्याच्या आणि थायरॉईड बिघडल्याच्या नोंदी आहेत. त्यापेक्षा कामाची रीत थोडी बदला. बार्सिलोनातल्या गटाच्या पुढाकाराने स्पेनमध्ये २३९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली आला. २१ आठवडे रोजच्या कामात लक्ष कसं ठेवायचं, आठवणीला टेकू कसा द्यायचा, याचा सराव करून घेतला. स्मरणाच्या चाचण्यांचे गुण फारसे हलले नाहीत, पण माणसांचं कामधंद्यातलं वागणं सुधारलं. तुमच्या दुकानात याचा अर्थ असा: भाव फुटला की तो लगेच वहीत, डोक्यात नाही. पट्टी करताना फोन उलटा ठेवायचा. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि मागची पोती एका ओळीत, आणि तो समोर बसायच्या आधी ती ओळ एकदा वाचायची. कॅल्क्युलेटरवर दोनदा करता ना? करा. यार्डातले चांगले चांगले दिवाणजी तसंच करतात.

पुढच्या भेटीला एक कागद घेऊन जा. त्यावर सगळ्या गोळ्या, कंबरेची आणि आयुर्वेदिक धरून. खाली तीन प्रसंग, तारखेसकट, जिथे डोकं अडलं. 'विसरायला होतं' असं सांगितलं की डॉक्टर मान हलवतात. 'मंगळवारी एका पट्टीत तोलाई दोनदा वजा केली' असं सांगितलं की पेन उचलतात. आणि भेटीच्या आधी लिथियमचं रक्त देऊन ठेवा. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला लॅबमध्ये हजर. सकाळची गोळी खिशात ठेवा. रक्त दिल्यावर घ्या.